नाहूरला थांबायचं नाही

खिसा असलेली पँट चालणार नाही, ही बाईंची पहिली सूचना. शाळेच्या गणवेशाची हाफपँट असो की पालकांनी हौसेनं आणलेली ट्रॅक पँट, तिला खिसा असतोच. फ्लॅग फुटबॉलमध्ये खिसा म्हणजे बोट अडकून मुरगळायची हमखास जागा. समोरच्याच्या कमरेला लटकणारा फ्लॅग ओढायला गेलेला हात खिशात शिरला, की दोघंही आडवे. त्यामुळे सरावाच्या पहिल्याच आठवड्यात घाटकोपर-मुलुंडच्या बऱ्याच घरांत सुईदोरा निघाला आणि खिसे शिवून बंद झाले. एका खिशात दहाची नोट तशीच शिवली गेली, ती दिवाळीच्या साफसफाईत सापडली.

बाई पूर्व उपनगरातल्या एका मराठी शाळेत वीस वर्षांहून जास्त काळ शारीरिक शिक्षण शिकवत होत्या. मुलांच्या भाषेत पीटीच्या बाई. स्वतः खो-खो खेळलेल्या, त्यामुळे शाळेचा मुलींचा खो-खो संघ म्हणजे त्यांचा जीव की प्राण. जिल्हा पातळीवरच्या शालेय स्पर्धा, जुलैच्या चिखलात झालेले सामने, खांबाला वळसा घेताना सोललेले कोपर, सगळं करून झालं होतं. नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात एक माजी विद्यार्थिनी अमेरिकेतून सुटीला आली. तिचा मुलगा तिकडे फ्लॅग फुटबॉल खेळतो. तिनं एक लंबगोल चेंडू आणि दहा पट्टे टेबलावर ठेवले. म्हणाली, "बाई, आपल्या पोरांना हे जमेल. बघा तर खेळवून." बाईंनी चेंडू कपाटात ठेवला आणि विसरल्या. आधीच आठवड्याला दोन तास पीटीचे, त्यातला एक गणिताच्या सरांनी मागून घेतलेला. नवा खेळ घालायचा कुठे?

मग आला ऑक्टोबर २०२३. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं १४१ वं अधिवेशन मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या जिओ वर्ल्ड सेंटरमध्ये भरलं. १६ ऑक्टोबरला त्या सभागृहात लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकसाठी पाच खेळांवर शिक्कामोर्तब झालं: क्रिकेट, स्क्वॉश, बेसबॉल-सॉफ्टबॉल, लॅक्रॉस आणि फ्लॅग फुटबॉल. दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं क्रिकेटनं भरून गेली. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर १२८ वर्षांनी क्रिकेट परत येणार होतं, तेव्हा दुसरं काय होणार! बाकीच्या चार खेळांची नावं बातमीत खाली कुठेतरी होती. बाईंनी ती वाचली आणि कपाट उघडलं. हा खेळ ऑलिंपिकमध्ये घ्यायचा निर्णय उपनगर जिल्ह्याच्या हद्दीत झाला आणि उपनगरातल्या पोरांना त्याचा पत्ता नाही, याची त्यांना गंमत वाटली.

खेळ तसा सोपा, समजावून सांगायला मात्र वेळ लागतो. एका बाजूला पाच खेळाडू. मैदानाचा खेळण्याचा भाग ५० यार्ड, म्हणजे साधारण ४६ मीटर लांब आणि २५ यार्ड रुंद. दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचा गोलपट्टा, त्याला एंड झोन म्हणतात. ज्यांच्याकडे चेंडू, त्यांना मधली रेषा ओलांडायला चार संधी. ओलांडली की पुढे गोलपट्टा गाठायला आणखी चार. संधीला डाऊन म्हणायचं. गोलपट्ट्यात चेंडू गेला की टचडाऊन, त्याचे ६ गुण; मग जादा गुणाची एक संधी, जवळून घेतली तर १ आणि लांबून घेतली तर २. चारही डाऊन वाया गेले की चेंडू समोरच्या संघाला.

धरणं, पाडणं, ढकलणं, वाटेत उभं राहून अडवणं, सगळं बंद. चेंडू घेऊन पळणाऱ्याला थांबवायचा एकच मार्ग: त्याच्या कमरेचा फ्लॅग ओढून काढायचा. फ्लॅग जिथे निघाला तिथे डाव थांबला. चेंडू जमिनीला लागला तरी थांबला. पडलेल्या चेंडूवर झुंबड नाही. प्रत्येक डावाची सुरुवात सेंटर करतो, तो चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो. क्वार्टरबॅकनं चेंडू फेकायचा किंवा कुणाच्या हातात द्यायचा, स्वतः घेऊन रेषेपलीकडे पळायचं नाही. त्याच्यावर चाल करून येणारा बचावपटू, म्हणजे रशर, सात यार्ड मागून निघतो. लहान मुलांच्या सामन्यांत फेकायला सात सेकंदांची मुदतही असते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करी तळांवर हा प्रकार वाढला. सैनिक मोकळ्या वेळात अमेरिकन फुटबॉल खेळायचे आणि एकमेकांवर आदळून जायबंदी व्हायचे. लढाईआधीच माणूस लंगडत बसलेला कुठल्या अधिकाऱ्याला चालेल? तेव्हा पाडण्याऐवजी कमरेचं फडकं ओढा, असं ठरलं. या संदर्भात मेरीलँडच्या फोर्ट मीड तळाचं नाव घेतात. आज तिकडे लहान मुलांना हेल्मेट घालून टकरा घ्यायला लावण्याआधी बरेच पालक हाच खेळ निवडतात, कारण डोक्याला बसणाऱ्या मारांची धास्ती आता सगळ्यांनीच घेतली आहे.

भारतात अमेरिकन फुटबॉल याआधी आलाच नव्हता असं नाही. २०१२ च्या सुमारास एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया नावाची लीग टीव्हीवर झळकली होती. तिच्यात मुंबईचा संघ होता, ग्लॅडिएटर्स. जिंकला मात्र पुण्याचा मराठाज. हेल्मेट, खांद्यांची कवचं, सगळा जामानिमा होता. लीग फार काळ टिकली नाही, आणि उपनगरातल्या एकाही शाळेच्या मैदानावर त्यातलं काही उतरलं नाही. कवचाच्या खर्चात आख्ख्या शाळेचं वर्षाचं क्रीडासाहित्य येतं.

फ्लॅग फुटबॉलला कवच लागत नाही, पट्टे लागतात. दहा पट्टे एका सामन्याला पुरतात, सरावाला पन्नास मुलं उभी असली की पुरत नाहीत. बाईंनी ओळखीच्या शिंप्याकडून नायलॉनच्या पट्ट्यांना वेल्क्रो लावून घेतलं. फ्लॅग कशाचे करायचे? गणपतीनंतर मंडळाचा उतरवलेला फ्लेक्स गोदामात पडून होता. तो कापला. त्यामुळे पहिलं वर्षभर मुलांच्या कमरेला शुभेच्छुकांचे अर्धे चेहरे आणि 'हार्दिक' एवढीच अक्षरं लटकत होती. फ्लेक्स घामेजल्या बोटांतून निसटतो, हे हळूहळू कळलं. मग रेनकोटचं जाडं कापड आलं, ते चाललं.

शिकवायला सुरुवात केल्यावर बाईंच्या लक्षात आलं, की मैदानावर येणारं कुठलंच पोर कोरं येत नाही. प्रत्येकाच्या अंगात आधीचा एखादा खेळ मुरलेला असतो आणि तो कधी मदतीला येतो, कधी आडवा.

कबड्डी खेळणारी मुलं बघा. भांडुपकडची काही मुलं रोज संध्याकाळी मंडळाच्या मैदानात घाम गाळणारी. पाय हलके, खांदा एकीकडे दाखवून दुसरीकडे निघायचं कसब जन्माचं. पण समोरून हात आला की झटकायचा, ही सवय हाडात गेलेली. फ्लॅगकडे येणारा हात झटकला की दंड. त्याला फ्लॅग गार्डिंग म्हणतात आणि नवशिक्या संघांचे सगळ्यात जास्त यार्ड त्यातच जातात. एक मुलगा तर लागोपाठ टचडाऊन करायचा आणि लागोपाठ रद्द व्हायचे. चिडून म्हणाला, "बाई, हात आपोआप जातो, मी काय करू?" बाईंनी त्याला चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरून पळायला लावलं. वेग थोडा कमी झाला, पण हात कामात अडकले आणि दंड थांबले. नियम शंभरदा सांगून जे होत नव्हतं, ते हाताला काम दिल्यावर झालं.

खो-खोच्या मुलींचं उलट. फ्लॅग काढण्यात त्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं. खो-खोत पाठलाग करणारी जिकडे वळली तिकडूनच पुढे जाऊ शकते, मागे फिरता येत नाही. त्यामुळे धावणारी आत्ता जिथे आहे तिथे न जाता, पुढच्या दोन पावलांत जिथे असेल तिथे जायचं, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. शिवाय समोरच्याच्या डोळ्यांकडे किंवा हातांकडे बघायचं नाही, कमरेकडे बघायचं, हे त्यांना ठाऊक. डोळे फसवतात, खांदेही फसवतात. कंबर जिकडे जाते तिकडेच माणूस जातो. अडचण एकच: सूर मारायची सवय. मातीच्या मैदानावर ते शोभतं. उपनगरातल्या बऱ्याच शाळांच्या मैदानांवर आता पेव्हर ब्लॉक बसवलेत, तिथे सूर म्हणजे थेट टाके. बाईंनी सूर बंद केला. पहिल्या महिन्यात मुली ऐन क्षणी थबकायच्या आणि फ्लॅग निसटायचा. मग त्या लहान पावलं टाकत जवळ जायला शिकल्या.

आणि क्रिकेट तर सगळ्यांच्याच अंगात. सीमारेषेवरून विकेटकीपरकडे फेकावा तसा हा चेंडू फेकला की तो हवेत डगमगत जातो. त्याच्या शिवणीवर बोटं ठेवून सोडताना तर्जनीनं हलकी फिरकी द्यावी लागते, तेव्हा तो सरळ, भिरभिरत निघतो. झेल तर आणखी वेगळा. छातीच्या वर आलेल्या चेंडूला दोन्ही अंगठे आणि तर्जन्या जुळवून पत्त्यांतल्या चौकटीसारखी खिडकी करायची आणि चेंडूचं टोक त्या खिडकीत येऊ द्यायचं. कमरेखाली आला तर करंगळ्या जुळवायच्या. हे न करता ओंजळ पुढे केली, की टोक तळव्यावर आदळून चेंडू उडतो. बाई प्रत्येक सरावाची सुरुवात या खिडकीनं करतात. मुलं रांगेत उभी राहून खिडकीतून एकमेकांना बघत, वेडावून दाखवत असतात, पण हात बरोबर असतात.

मुलं आणि मुली एकत्र खेळणार म्हटल्यावर काही घरांत कुजबुज झाली. अंगाला अंग लागत नाही, हा या खेळाचा मोठा गुण. पण फ्लॅग कमरेला असतो, हेही खरं. त्यात टी-शर्ट पँटमध्ये खोचायचा नियम, नाहीतर फ्लॅग झाकला जातो. सातवी-आठवीच्या मुलींना नेमका लांब, सैल टी-शर्ट हवा असतो. एक आई सरळ म्हणाली, "बाई, खोचायचं असेल तर ती येणार नाही." बाईंनी वाद घातला नाही. नियमाचा हेतू फ्लॅग दिसावा एवढाच, तेव्हा सरावात टी-शर्टवरूनच पट्टा बांधायला परवानगी दिली आणि फ्लॅग जरा लांब कापून घेतले, म्हणजे ओढणाऱ्याचा हात मांडीपाशी, अंगापासून दूर राहतो. फ्लॅगचं खालचं टोकच धरायचं, असं मुलांना आणि मुलींना सारखंच शिकवलं. महिन्याभरात मुली स्वतःच टी-शर्ट खोचू लागल्या, कारण सैल कापड वाऱ्यानं फुगतं आणि आपण हळू पळतो, हे त्यांनीच ताडलं. तरी आठवीनंतर काही मुली गळाल्याच. क्लास, घरकाम, पाळीचे दिवस, 'आता पुरे' म्हणणारे काका. खो-खोत बाईंनी हेच पाहिलं होतं, इथेही तेच. खेळ बदलल्यानं घर बदलत नाही.

ज्या राहिल्या, त्यांना बाईंनी एक दिवस मोबाइलवर मेक्सिकोच्या मुली दाखवल्या. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम शहरात वर्ल्ड गेम्स झाले. ज्यांच्या देशात हा खेळ जन्मला त्या अमेरिकेच्या महिला संघाला मेक्सिकोनं अंतिम सामन्यात ३९-६ असं लोळवलं. डायना फ्लोरेस ही त्यांची क्वार्टरबॅक. तिची कंबर ज्या पद्धतीनं फ्लॅगपाशी आलेल्या हातापासून निसटते, ते बघून एक मुलगी म्हणाली, "बाई, ही तर खो-खो खेळलेली दिसते!"

या खेळानं बाईंना जे दाखवलं, ते मात्र धावण्याशी फारसं संबंधित नव्हतं. खो-खो आणि कबड्डीत दम आणि क्षण यांचं राज्य. किशोर गटात सात मिनिटांची पाळी सुरू झाली की विचार करायला उसंत नाही. बाहेरून प्रशिक्षक ओरडतो, आत कप्तान ओरडते. फ्लॅग फुटबॉल दर काही सेकंदांनी थांबतो. पाच जण डोकी एकत्र करून गोल उभे राहतात, त्याला हडल म्हणतात, आणि पुढचा डाव ठरवतात. कोण कुठे पळणार, कोण फसवणार, चेंडू कुणाला. अर्ध्या मिनिटाच्या आत ठरवून रेषेवर यायचं असतं.

मराठी शाळेतल्या मुलांना वर्गात बोलायची सवय कमी, हे बाईंचं जुनं दुखणं. हडलमध्येही सुरुवातीला चौघं गप्प आणि एक दादा बोलतोय, असंच व्हायचं. बाकीच्यांच्या नजरा बाईंकडे. दुसऱ्या हंगामात बाईंनी नियम केला: हडलच्या आत मोठं माणूस नाही, आणि प्रत्येक डाव वेगळ्यानं सांगायचा. पाचही जणांची पाळी झाल्याशिवाय पहिल्याला परत संधी नाही. पहिले दोन रविवार गोंधळ माजला, वेळ संपायचा, दंड पडायचे. तिसऱ्या रविवारी एका मुलीनं हडलमध्ये सांगितलं, "तू मुलुंड फास्ट, तू विक्रोळी, मी नाहूर."

बाकीच्यांना लगेच कळलं. बाहेर उभ्या बाईंना नाही.

मुलांनी डावांना मध्य रेल्वेची स्थानकं लावली होती. मुलुंड फास्ट म्हणजे कुठेही न थांबता थेट गोलपट्ट्यापर्यंत. घाटकोपर म्हणजे मधोमध, जिथे गर्दी जास्त तिथेच घुसायचं. विक्रोळी म्हणजे पाच पावलं पळून वळायचं आणि उभं राहायचं. आणि नाहूर? फास्ट लोकल नाहूरला थांबत नाही. म्हणजे वेग कमी करायचा, आता थांबतोय असं वाटू द्यायचं, बचावपटू पुढे आला की सुटायचं. कागदावर हजार बाण काढून जे बाईंना पटवता आलं नसतं, ते एका स्थानकाच्या नावात बसलं. आजही त्या गटात नवा मुलगा आला की त्याला आधी स्थानकं शिकवतात.

याच हडलनं आणखी एक गोष्ट घडवली. गटात एक जाडसर मुलगा होता, धावायला सांगितलं की बूट बांधायला बसणारा. कबड्डीत त्याला कोपऱ्यात उभं करायचे, क्रिकेटमध्ये अंपायर. इथे सेंटर झाला, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. पाच जणांच्या खेळात सेंटरही चेंडू मागे दिल्यावर झेल घ्यायला मोकळा असतो, हे नियमात आहे. पण तो झेल घेईल असं समोरच्याच्याही मनात येत नाही. एका सामन्यात चौथा डाऊन, मधली रेषा चार यार्डांवर. हडलमध्ये डाव सांगायची पाळी याचीच. तो म्हणाला, "सगळे फास्ट जा. मी कुर्ला." कुर्ला म्हणजे काय, ते तोवर ठरलेलंही नव्हतं. त्यानं चेंडू मागे दिला, दोन पावलं टाकली, वळला आणि उभा राहिला. बचावपटू तिघांच्या मागे पळालेले. झेल छातीशी घेतला आणि मागे न बघता पाच यार्ड चालत गेला. चालतच. त्या दिवसापासून कुर्ला हा डाव कायम झाला. पोराचा धावण्याचा कंटाळा तसाच आहे. पण आता बूट आधीच बांधून येतो.

जागेचं रडगाणं उपनगरात कुणालाच नवीन नाही. मुलुंड पूर्वेचं संभाजी मैदान असो की घाटकोपरच्या पंतनगरचं आचार्य अत्रे मैदान, रविवारी सकाळी क्रिकेटच्या पाच-सहा पिचेस एकमेकांत घुसलेल्या असतात. एकाचा पॉइंट दुसऱ्याच्या मिड-ऑनला उभा. तिथे ६४ मीटर लांब आखीव पट्टा मागणं म्हणजे चेष्टाच. बाईंनी मैदान अर्ध्यावर आणलं, कोन म्हणून चपला ठेवल्या आणि वेळ पहाटेची घेतली, क्रिकेटवाले येण्याआधीची. सकाळी फिरायला येणाऱ्या आजोबा मंडळींनी प्रथम कुरकुर केली. त्यातले एक निवृत्त बँक अधिकारी बाकावर बसून आपणहून डाऊन मोजायला लागले. आता त्यांची वही असते आणि पंचांचा आकडा चुकला तर ते उठून येतात.

टर्फ भाड्यानं घेता येतं, इमारतींच्या गच्चीवरही आता टर्फ झालेत, पण तासाचं भाडं हजाराच्या पुढे. वर्गणी काढून कधीमधी जमतं. पावसाळ्यात तेही नाही. ओला चेंडू लहान हातात ठरत नाही. तेव्हा जून ते सप्टेंबर बाई मुलांना जिन्याखालच्या पॅसेजमध्ये बसवतात आणि फरशीवर खडूनं डाव मांडायला लावतात. बाटल्यांची झाकणं खेळाडू होतात. ज्यांना मैदानावर फारसं सुचत नाही, अशी दोन-तीन मुलं या पॅसेजमध्ये सगळ्यांना हरवतात, आणि मग ऑक्टोबरच्या उन्हात हडलमध्ये त्यांच्या शब्दाला वजन येतं.

बाहेरचा पहिला सामना अंधेरीतल्या मुलांशी ठरला, तो मेट्रोमुळे. २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्ग सुरू झाल्यापासून पूर्व आणि पश्चिम उपनगरांतलं अंतर लहान मुलांना घेऊन ओलांडण्याजोगं झालं आहे. त्याआधी तीच मंडळी बसनं तासभर घामाघूम होऊन पोचली असती. अंधेरीची मुलं इंग्रजी शाळेतली, बूट चकचकीत, पट्टे परदेशी. मुलुंडची पोरं पहिल्या अर्ध्यात बुजली आणि दोन टचडाऊन खाऊन बसली. दुसऱ्या अर्ध्यात त्यांची स्थानकं सुरू झाली. पश्चिम रेल्वेच्या मुलांना नाहूर कुठे आहे तेच माहीत नव्हतं! सामना तरीही अंधेरीनंच जिंकला, एका जादा गुणानं. परतीच्या मेट्रोत मुलांची चर्चा हरण्याची नव्हती. अंधेरीवाले बोरिवली फास्ट, विरार फास्ट अशी नावं ठेवतील का, याची होती.

त्याच सामन्यात एका मुलानं फ्लॅग पट्ट्याला दोऱ्यानं बांधल्याचं उघड झालं. ओढणारी मुलगी फ्लॅगसकट चार पावलं फरपटत गेली. मुलगा बाईंच्याच गटातला. पंचांना दिसलं नव्हतं, टचडाऊन दिलंही होतं. तोंड उघडलं ते त्याच्याच संघातल्या मुलीनं, "सर, याचा फ्लॅग शिवलेला आहे." टचडाऊन गेलं आणि हरण्याचं एक कारण तेही. मुलगा दोन आठवडे त्या मुलीशी बोलला नाही. बाईंनी मध्यस्थी केली नाही. हडलमध्ये एकमेकांशी बोलावंच लागतं, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात अबोला आपसूक मिटला.

पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "बाई, याला ग्रेस मार्क मिळतात का?" दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी खेळ यादीत असावा लागतो, विशिष्ट पातळीच्या स्पर्धा खेळाव्या लागतात, बाई सांगतात, त्या आशेनं पाठवू नका. दुसरा प्रश्न त्याहून अवघड: "ऑलिंपिकला चान्स आहे म्हणे?" इथे बाई हिशोब मांडतात. लॉस एंजेलिसला पुरुषांचे ६ आणि महिलांचे ६ संघ, प्रत्येकात १० खेळाडू. साऱ्या जगातून मिळून १२० जण. शिवाय मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एनएफएल या व्यावसायिक लीगच्या संघमालकांनी आपल्या खेळाडूंना ऑलिंपिकमध्ये उतरायची मुभा दिली. बारा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर हे ओझं कशाला? हिशोब ऐकून काही वडील मुलाला क्रिकेटच्या क्लासला घेऊन गेले. तिथे तर स्पर्धा आणखी मोठी, पण ते असो.

एक भीती खो-खोवाल्या सहकाऱ्यांनीही बोलून दाखवली होती: परदेशी खेळाच्या नादानं आपला खेळ मागे पडेल. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवून तो जिंकला आणि प्रतीक वाईकर, प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. पुढच्या रविवारी मुलींनी पट्टे बांधायला नकार दिला, आज खो-खोच. बाईंनी खांबांच्या जागी दप्तरं ठेवली आणि शिट्टी वाजवली. कबड्डीची मुलं, तो सेंटर, सगळे खेळले. एका खेळानं दुसरा मरतो हे बाईंना पटत नाही. खेळ मरतात ते मैदानं गेल्यानं.

म्हणून एकच मागणं आहे, आणि ते पालकांकडे नाही. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीतल्या कित्येक शाळांची मैदानं रविवारी सकाळी रिकामी आणि कुलूपबंद असतात. बाईंनी अशा एका संस्थेकडे दोन तास मागितले, तर पहारेकऱ्याच्या जादा पगाराचा प्रश्न निघाला आणि अर्ज तिथेच अडकला. पहारेकऱ्याचे पैसे वर्गणीतून भरायला पालक तयार आहेत. शाळांच्या विश्वस्त मंडळांवर जे कुणी असतील, त्यांनी येत्या बैठकीत हा विषय घ्यावा: रविवारी सात ते नऊ, फक्त दोन तास. पट्टे, चेंडू आणि मुलं बाई घेऊन येतील.